शिक्षणाची सावड
सातारा-सांगलीच्या जुन्या विद्यार्थ्यांची खबरबात, आणि तुमच्या वर्गाविषयी दोन शब्द

वाचकहो, तुमच्या घरातली जुनी ट्रंक एकदा उघडून पाहा. लग्नातला शालू, जमिनीचे कागद आणि विम्याची पावती यांच्याखाली एखादा पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो हमखास निघेल. मधे खुर्च्यांवर गुरुजी किंवा प्राध्यापक मंडळी आणि मागे तीन रांगांत उभी पोरे. त्यातले कोणी पांढऱ्या पायजम्यात, तर कोणी थोरल्या भावाचा सदरा घालून. खाली कॉलेजचे नाव आणि साल.

घरातली नात विचारते, "आजोबा, यातले तुम्ही कोणते?" तुम्ही बोट ठेवता. मग ती विचारते, "आणि हा शेजारचा कोण? तो आता कुठं असतो?" इथे आपण अडखळतो. चार जणांची नावे सांगता येतात, दोघांचा ठावठिकाणा सांगता येतो. बाकीचे कुठे गेले, कोणाची मुले काय करतात, कोण हयात आहे, यातले फारसे काही ठाऊक नसते.

परदेशातल्या कॉलेजांत जुन्या विद्यार्थ्यांची खबरबात छापण्याची चाल आहे. कोणाला नोकरीत बढती मिळाली, कोणाला नातू झाला, कोणी गावात दवाखाना काढला, हे सगळे त्यात येते. आपल्याकडे अशी बातमी दिली की लोकांना ती बढाई वाटते. आम्हाला मात्र तो हिशेब वाटतो. गावाने एक पोरगे शिकायला धाडले, त्याचे पुढे काय झाले आणि त्यातले गावाकडे परत काय आले, हे गावाला कळायला नको का?

सावड म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको

भांगलणीला माणसे कमी पडली की आज तुमच्या रानात शेजारची माणसे येतात आणि उद्या तुमच्या घरची माणसे त्यांच्या रानात जातात. पैशाची देवघेव नाही. दिवसाला दिवस. ज्याने सावड फिरवली नाही, त्याच्या रानात पुढच्या वर्षी कोणी पाऊल टाकत नाही.

शिक्षणाचेही असेच आहे. फरक एवढाच, की इथे सावड ज्याची त्याला फेडता येत नाही. ज्या बाईने आपल्या ताटातली भाकरी बोर्डिंगच्या पोराला दिली, ती आज नाही. ज्या गुरुजींनी परीक्षेची फी भरली, तेही गेले. मग ती फेडायची कोणाला? पुढच्या पोराला. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ही सावड कशी फिरली, ते आज सांगायचे आहे. त्यातली काही नावे तुमच्या चांगली ओळखीची आहेत. पण ती मंडळी मोठी कशी झाली यापेक्षा त्यांनी घेतलेले कसे फिरवले, तिकडे लक्ष द्या.

पहिला दिवस कोणी घातला?

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला झाला. घराणे वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. त्यांनी स्वतः कॉलेजची पायरी चढली नाही. ओगल्यांच्या काचकारखान्यात, किर्लोस्करांकडे आणि कूपरांकडे नोकऱ्या केल्या. त्या निमित्ताने गावोगाव फिरताना त्यांना दिसले, की शेतकऱ्याच्या पोराला बुद्धी आहे, पण शाळेच्या गावी राहायला जागा नाही आणि जेवायला भाकर नाही. आधी दुधगावला सहकाऱ्यांबरोबर विद्यार्थ्यांची सोय उभी केली आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली.

१९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग निघाले. सगळ्या जातीधर्मांची पोरे एका पंगतीला बसत. त्या काळात ही सोपी गोष्ट नव्हती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव देण्यात आले. बोर्डिंगात धान्य संपले की लक्ष्मीबाई अंगावरचा एकेक दागिना काढून देत. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये ती माउली वारली. आपल्या घरात एक तोळा मोडायचा म्हटले तरी किती रात्री झोप लागत नाही, ते आठवून पाहा.

१९४७ च्या जूनमध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. तिथे 'कमवा आणि शिका' ही पद्धत होती. पोराने शेतात, बागेत, बांधकामावर काम करायचे आणि त्यावर आपले जेवण व शिक्षण भागवायचे. हातात सकाळी कुदळ आणि दुपारी पुस्तक. अमेरिकेत अलाबामा प्रांतातल्या टस्कगी इथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिथल्या विद्यार्थ्यांनीही स्वतः विटा भाजून आपल्या शाळेच्या इमारती उभ्या केल्या होत्या. गरिबाला शिकायचे तर हाताचा आधार घ्यावा लागतो, हे दोन्हीकडे सारखेच उमगले. आपल्याकडे ही गोष्ट कष्टकऱ्याच्या पोराला समजावून सांगावी लागली नाही. कुदळ त्याला नवी नव्हती, पुस्तक नवे होते.

मग ही पोरे कुठे गेली?

बॅरिस्टर पी. जी. पाटील हे कर्मवीरांच्या हाताखाली वाढलेले. विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. अशा माणसाने मुंबईला वकिली थाटली असती, तर घरच्या चार पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. ते साताऱ्याला परत आले आणि शिक्षणाच्या कामाला लागले. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. महात्मा फुल्यांचे निवडक लेखन त्यांनी इंग्रजीत नेले आणि १९९१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते प्रसिद्ध केले. शेतकऱ्याच्या दुःखावर मराठीत लिहिलेले ते शब्द जगापुढे ठेवण्याचे काम बोर्डिंगाच्या पंगतीत जेवलेल्या माणसाने केले.

प्रा. एन. डी. पाटील हे वाळवे तालुक्यातल्या ढवळीचे. जन्म १५ जुलै १९२९, घर शेतकऱ्याचे. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी साताऱ्याच्या याच कॉलेजात शिकवले आणि 'कमवा आणि शिका' योजनेतली पोरेही सांभाळली. म्हणजे तासाला अर्थशास्त्र आणि तासाबाहेर पोरांच्या जेवणाची व कामाची काळजी. पुढे ते आमदार झाले, १९७८ ते १९८० या काळात सहकारमंत्री झाले आणि रयत शिक्षण संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. मंत्रिपद आले आणि गेले, पण शेतकऱ्याच्या जमिनीचा किंवा कष्टकऱ्याच्या हक्काचा प्रश्न आला की म्हातारपणीही ते रस्त्यावर उतरत. रायगड जिल्ह्यातल्या विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या लढ्यात ते शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनातही ते पुढे होते. १७ जानेवारी २०२२ रोजी ते गेले. संसाराची बाजू त्यांच्या पत्नी सरोजताईंनी सांभाळली. असा माणूस घरात असला की घरच्यांना किती सोसावे लागते, ते चळवळीतल्या बायकांनाच ठाऊक. जुन्या विद्यार्थ्यांची खबर देताना या बायकांचे नाव राहून जाते, म्हणून मुद्दाम लिहिले.

पतंगराव कदम हे सोनसळचे. जन्म ८ जानेवारी १९४४. साताऱ्याला याच कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेत काम करून शिकले. पुढे पुण्याजवळ हडपसरला रयतच्याच शाळेत शिक्षक झाले. वीस वर्षांच्या या पोराने १० मे १९६४ रोजी पुण्यात भारती विद्यापीठ स्थापन केले. पुढे ती संस्था किती वाढली, ते तुम्ही जाणता. राज्याचे मंत्री झाले तरी दुष्काळी मुलखाचा विसर पडू दिला नाही. वांगीला सोनहिरा साखर कारखाना उभा राहिला, सांगलीला हॉस्पिटल झाले. ९ मार्च २०१८ रोजी ते वारले. संस्थेचे काम घरच्या पुढच्या पिढीकडे आले.

या तिघांत विलायत पाहिलेला एक, मोर्च्यात उन्हातान्हात चाललेला एक आणि संस्था उभारणारा एक. स्वभाव वेगळे, राजकारणही वेगळे. पण तिघांच्याही वाटा साताऱ्याच्या त्या एकाच अंगणातून गेल्या.

सांगलीची शाखा

ही वाट एकट्या साताऱ्यातून गेली असे नाही. सांगलीला प्रा. पी. बी. पाटील यांनी शांतिनिकेतन उभे केले. गावाच्या कारभाराचा त्यांचा अभ्यास मोठा. १९८४ मध्ये पंचायत राज्याचे मूल्यमापन करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने जी समिती नेमली, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

त्यांच्या शांतिनिकेतनात तासगाव तालुक्यातल्या अंजनीचा एक पोरगा 'कमवा आणि शिका' करीत शिकला. रावसाहेब रामराव पाटील, म्हणजे आपले आर. आर. आबा. जन्म १६ ऑगस्ट १९५७. बी.ए. झाले, कायद्याची पदवी घेतली, १९७९ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि १९९० मध्ये आमदार झाले. ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान त्यांनी सुरू केले. २००० सालानंतरची ती वर्षे आठवा. गल्ली झाडायला सरपंच, गुरुजी आणि घरची सूनबाई एकत्र उतरली होती. एका गावाची दुसऱ्या गावाशी चुरस लागली होती. २००७ मध्ये गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम आली. बांधाच्या एका सरीवरून भावाभावांनी कोर्टात घालवलेली वर्षे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तिचे मोल कळते.

गाव झाडायचे म्हणजे हातात खराटा घ्यायला लाजायचे नाही. कॉलेजात असताना ज्याने काम करून शिक्षण घेतले, त्याला हे दुसऱ्याने शिकवावे लागत नाही. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आबा गेले, अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी. त्यानंतर पत्नी सुमनताई आमदार झाल्या आणि २०२४ मध्ये मुलगा रोहित निवडून आला. घरच्यांनी लोकांच्या कामाचा वारसा घेतला आहे. तो कसा चालवला, याचा हिशेब पुढची वर्षे देतील.

जे गावातच राहिले त्यांचे काय?

आता तुम्ही म्हणाल, ही मोठ्या माणसांची कहाणी झाली. आमच्या फोटोतला कोणी मंत्री झाला नाही, कुलगुरू झाला नाही. एक जण एसटीत कंडक्टर झाला, दोघे गुरुजी झाले, एक जण पलटणीत गेला आणि बाकीच्यांनी घरची शेती केली.

खरे आहे. म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. शिकून जो रानात परत आला, त्याला आपण मनातल्या मनात नापास ठरवतो. "एवढा शिकून शेवटी औतच हाणतोय की," असे पाहुण्यांसमोर बोलून जातो. पण विचार करा, सोसायटीचा ताळेबंद वाचून चूक कोण काढतो? ठिबकचा संच, औषधाचे प्रमाण, माती परीक्षणाचा कागद हे शेजाऱ्याला समजावून कोण सांगतो? अंगणवाडीच्या खोलीसाठी पंचायतीत चार वेळा अर्ज कोण लिहितो? तोच, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा.

खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडीजवळ बळीराजा स्मृती धरण आहे. १९८० नंतरच्या दशकात दुष्काळाने कावलेल्या लोकांनी ते स्वतःच्या घामाने उभे केले. नदीतली वाळू विकून पैसा उभारला. मुंबई-पुण्याकडची शिकलेली मंडळीही श्रमदानाला आली आणि गावकऱ्यांबरोबर राबली. पाणी वाटताना भूमिहीनालाही वाटा द्यायचा, असे ठरवले. शिकलेला माणूस आणि रानातला माणूस एका रांगेत उभे राहिले की काय होते, ते पाहायचे तर तिकडे एक चक्कर टाका.

आणि वसंतदादा पाटील? पद्माळ्याचे दादा कॉलेजात गेलेच नाहीत. पण १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदान अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली आणि खेड्यातली किती पोरे इंजिनिअर झाली. ज्याला स्वतःला बाकावर बसायला मिळाले नाही, त्याने इतरांसाठी बाक मांडले.

वर्गातल्या मुली कुठे गेल्या?

फोटोत उजव्या कडेला पाच-सहा मुली अंग चोरून उभ्या असतात. जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला की मुलांचे पत्ते मिळतात, मुलींचे मिळत नाहीत. लग्न झाले, आडनाव बदलले, गाव बदलले. हजेरीपटावरचे नाव माहेरी राहिले आणि बाई सासरी गेली. वर्गात पहिली येणारी कदाचित आज शेजारच्याच तालुक्यात म्हशींच्या धारा काढत असेल. बचत गटाचे सगळे हिशेब तोंडपाठ करीत असेल. आणि तिच्या सुनेला माहीतही नसेल, की आपल्या सासूबाई कॉलेजात गेल्या होत्या.

तिला शोधा. तिच्या माहेरच्या भावाला विचारा, तो पत्ता देईल. मेळाव्याचे बोलावणे तिच्या नावाने घरी जाऊ द्या, आणि ते न्यायला वर्गातल्या एखाद्या बाईलाच पाठवा, म्हणजे सासरची माणसेही आनंदाने धाडतील. लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांवर जे शिक्षण उभे राहिले, त्याच्या हिशेबात बायकांचे पान कोरे राहू नये.

आज अडले आहे कुठे?

कर्मवीर ९ मे १९५९ रोजी गेले. आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ साताऱ्यात उभे आहे, आणि ज्या कॉलेजात पोरांनी कुदळ मारली, ते त्याच विद्यापीठात आहे. पुण्याच्या विद्यापीठातही 'कमवा आणि शिका' योजना कर्मवीरांच्या नावानेच चालते. इतके सगळे झाले.

पण खेड्यातल्या घराची अडचण संपलेली नाही. कॉलेज गावाजवळ आले, फी मात्र लांब गेली. माण, खटाव, जत, आटपाडीकडचे पोरगे बारावीला चांगले गुण मिळवते आणि पुढे खोलीचे भाडे व मेसचे पैसे यांपाशी अडते. मुलीला एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत असतो. पुढे रोजच्या तिकिटाचा प्रश्न आला की घरात पहिला विचार तिचे शिक्षण थांबवण्याचा होतो. ऊसबिल लांबले, द्राक्षबागेवर अवकाळी पाऊस झाला, की त्या वर्षी घरातले एक नाव कॉलेजच्या पटावरून निघते. ते नाव पुन्हा लागत नाही.

आणि नेमके याच वेळी आपले मेळावे चालू असतात. मोबाईलवर वर्गाचा गट होतो, सकाळी फुलांची चित्रे येतात, वर्षातून एकदा कार्यालय घेऊन श्रीखंड-पुरी होते, सत्कार होतात, फोटो निघतात. भेटावे, जरूर भेटावे. पन्नास वर्षांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवण्याचे सुख मोठे आहे. पण पंगत उठल्यावर सावडीचे काय, हे कोणीतरी विचारायला हवे.

मग काय करावे?

एक वही घाला. प्रत्येकाचे नाव, हल्लीचे गाव, काम, घरात कोण कोण आहे आणि गावासाठी काय करतो, एवढे लिहा. जे वारले त्यांच्या घरीही जाऊन या. विधवा वहिनींना निराधार योजनेचा अर्ज भरून हवा असेल, पोराला नोकरीची माहिती हवी असेल. ते वर्गातल्याने नाही करायचे तर कोणी?

मेळाव्याच्या दिवशी जेवणाच्या वर्गणीइतकीच दुसरी वर्गणी ठेवा आणि ती एका मुलाच्या मेसला किंवा एका मुलीच्या पासाला द्या. पैसा शाळा-कॉलेजच्या खात्यात पावती घेऊन भरा आणि हिशेब सगळ्यांना वाचून दाखवा. ज्याला मदत दिली, त्याला व्यासपीठावर उभा करून फोटो काढू नका. गरिबाचे पोरगे भुकेपेक्षा त्या फोटोला जास्त भिते.

ज्याला पैसा देणे जमत नाही, त्याने दिवस द्यावा. निवृत्त गुरुजींनी गणित शिकवावे. बँकेतल्या मित्राने शैक्षणिक कर्जाचा अर्ज समजावून सांगावा. शहरातल्याने मुलाखतीला आलेल्या गावच्या पोराला एक रात्र घरी ठेवून घ्यावे. जो शेतात आहे, त्याने सुगीला एक पोते ज्वारी वसतिगृहात पोहोचवावी. आपल्या दारातले एक पोते म्हणजे तिथे किती तरी ताटांतली भाकरी. सावडीत कोणाचा दिवस लहान नसतो.

आता तो फोटो ट्रंकेत परत ठेवू नका. सोप्यातल्या भिंतीवर लावा. नात पुन्हा विचारील, "आजोबा, हा शेजारचा कोण?" त्या वेळी नाव सांगता आले पाहिजे. आणि तिने, "मग तुम्ही सगळ्यांनी मिळून काय केलंत?" असे विचारले, तर त्याचेही उत्तर तयार असू द्या. वही आणि पेन आजच घ्या, पहिले नाव कोणाचे लिहायचे ते तुम्हाला ठाऊकच आहे.